स्वयंपाकघरात घडलेले भिंग

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या किंवा कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्यावरच्या कोणत्याही चष्म्याच्या दुकानात शिरावे, फ्रेमच्या रांगांशेजारी कॉन्टॅक्ट लेन्सच्या खोक्यांची चळत हमखास दिसते. बारावीनंतर चष्म्याला कंटाळलेली मुलगी, लग्न ठरलेला तरुण, नाटकात काम करणारा हौशी नट, असे नाना प्रकारचे गिऱ्हाईक तिथे येते. लेन्स कोणत्या कंपनीची, महिन्याची की रोजची, किंमत किती, याची कसून चौकशी होते. बोटाच्या टोकावर पाण्याच्या थेंबासारखी बसणारी ही चकती पहिल्यांदा कोणी केली, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारले तर उत्तर मोठे चमत्कारिक आहे.

ज्या वर्षी पुण्याने पानशेतचा प्रलय पाहिला, त्या १९६१ सालच्या अखेरीस, नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी, प्रागमधील एका घरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार मऊ लेन्स तयार झाल्या. त्या ज्या यंत्रावर घडल्या ते मुलांच्या खेळण्यातल्या पट्ट्या, चाके आणि स्क्रू जोडून केलेले होते. ते जोडणारे गृहस्थ ४८ वर्षांचे होते. देशातल्या अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञांत त्यांची गणना होत होती, आणि त्यांच्या याच संशोधनावर सरकारी खात्याने त्याच वर्षी फुली मारली होती. त्यांचे नाव ओटो विख्तर्ले.

विख्तर्ले यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हियातील प्रोस्त्येयोव या गावी झाला. मोराव्हिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील शेतीची अवजारे तयार करणाऱ्या कारखान्याचे भागीदार होते, पुढे त्या कारखान्यातून मोटारीही बाहेर पडू लागल्या. मुलाने तोच व्यवसाय पुढे चालवावा अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते, पण मुलाचा ओढा विज्ञानाकडे होता. प्रागला जाऊन त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले, १९३६ मध्ये पदवी मिळवली आणि तिथेच संशोधन सुरू केले. प्राध्यापकी आणि प्रयोगशाळा असे सरळ आयुष्य समोर दिसत असतानाच युद्ध आले. नोव्हेंबर १९३९ मध्ये जर्मन सत्तेने झेक विद्यापीठांना टाळे ठोकले.

अशा वेळी त्यांना आधार मिळाला तो बाटा कंपनीचा. आपल्याकडे बाटा म्हणजे शाळेचे बूट आणि सणासुदीच्या चपला. पण झ्लीन या गावी असलेल्या या कंपनीच्या मूळ कारखान्याची स्वतःची संशोधनसंस्था होती. तिथे विख्तर्ले कृत्रिम धाग्यांवर काम करू लागले. अमेरिकेत नायलॉन निघाले होते, पण त्याची कृती युद्धाच्या काळात झेक संशोधकांच्या हाती येण्यासारखी नव्हती. विख्तर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये स्वतःच्या वाटेने कृत्रिम धागा काढण्याची रीत शोधली. हाच धागा पुढे सिलॉन या नावाने ओळखला गेला आणि युद्धानंतर झेक स्त्रियांच्या मोज्यांत वापरला जाऊ लागला. १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना पकडले. काही महिने तुरुंगात काढून ते सुटले. त्यानंतर सत्ताधाऱ्यांशी त्यांचे जे बिनसत गेले, त्याची ही केवळ सुरुवात होती.

युद्ध संपल्यावर ते प्रागला परतले. विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले, प्लास्टिकच्या तंत्रज्ञानाचा नवा विभाग उभा केला. १९५२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत ते अधिष्ठाता झाले. त्याच वर्षी एका आगगाडीच्या डब्यात या कथेला वळण मिळाले.

ओलोमोउत्सहून प्रागला येताना समोरच्या बाकावरचा प्रवासी नेत्रवैद्यकाचे एक नियतकालिक वाचत होता. त्यात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी धातूचा एक भाग बसवण्याविषयी मजकूर होता. विख्तर्ले यांच्या मनाला ते पटले नाही. शरीराच्या इतक्या नाजूक अवयवात धातू कशाला, त्यापेक्षा शरीराच्या पेशींप्रमाणेच पाणी धरून ठेवणारे एखादे प्लास्टिक का नको, असे त्यांनी समोरच्या अनोळखी प्रवाशाला समजावून सांगितले. तो प्रवासी आरोग्य खात्याच्या, वैद्यकात प्लास्टिक कसे वापरता येईल हे पाहणाऱ्या समितीचा अधिकारी निघाला. गाडीतल्या गप्पा सहसा स्टेशनवरच विरतात; या गप्पांतून एक संशोधन जन्माला आले.

विख्तर्ले यांना हवा असलेला पदार्थ ऐकायला सोपा आणि करायला अवघड होता. तो काचेसारखा पारदर्शक हवा, पाण्यात मऊ व्हावा पण विरघळू नये, शरीराला त्याचा त्रास होऊ नये आणि त्यातून पाणी व क्षार आरपार जाऊ शकावेत. त्यांचे तरुण सहकारी द्राहोस्लाव लीम यांच्याबरोबर त्यांनी तो मिळवला. ज्या रासायनिक कुळातून कडक, काचेसारखे ॲक्रिलिक प्लास्टिक तयार होते, त्याच कुळातला हा भाऊबंद. फरक इतकाच की त्याच्या रेणूवर पाण्याशी सख्य असणारा एक गट होता. हे रेणू लांब साखळ्यांत जोडून त्या साखळ्या अधूनमधून एकमेकींना बांधल्या, की एक जाळे तयार होते. कोरडे असताना ते टणक असते. पाण्यात टाकले की भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगते आणि मऊ होते. पूर्ण भिजलेल्या लेन्सच्या वजनात ३८ ते ४० टक्के पाणीच असते. जाळे बांधलेले असल्यामुळे ते कितीही भिजले तरी विरघळत नाही.

१९५३ मध्ये या पदार्थासाठी पेटंटचा अर्ज झाला आणि १९६० मध्ये नेचर या जगद्विख्यात विज्ञान साप्ताहिकात विख्तर्ले आणि लीम यांचा त्यावरचा छोटासा लेख आला. आज हायड्रोजेल हा शब्द जखमेवरच्या पट्टीपासून औषधांच्या गोळ्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. पुणेकरांनाही हे कुळ परके नाही. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शेतातली ओल टिकवण्यासाठी जलशक्ती नावाचा, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषून घेणारा पदार्थ विकसित केला होता. तो याच जातीतला.

पदार्थ तर हाती आला, पण तो डोळ्यावर बसवायचा कसा, हा प्रश्न राहिला. कॉन्टॅक्ट लेन्सची कल्पना तेव्हा नवी नव्हती. तिचा उगम सांगताना लिओनार्दो दा विंचीचे नाव हमखास घेतले जाते. १५०८ च्या सुमारास त्याने पाण्यात डोळा बुडवून पाहण्याची चित्रे काढली होती हे खरे. परंतु त्याचा हेतू दृष्टी कशी चालते हे समजून घेण्याचा होता, चष्म्याला पर्याय शोधण्याचा नव्हता. देकार्तचेही तसेच. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने एकोणिसाव्या शतकात काचेच्या कवचात पारदर्शक प्राणिज जेली भरून ती डोळ्यावर ठेवण्याची कल्पना मांडली होती. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर जेलीच कामाला आली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रत्यक्ष लेन्स आली ती १८८०च्या दशकात. झुरिचमधील नेत्रवैद्य अॅडॉल्फ फिक यांनी काचेची कवचे करवून घेतली. ती आधी सशांच्या, मग स्वतःच्या, मग काही स्वयंसेवकांच्या डोळ्यांवर बसवली आणि १८८८ मध्ये त्यावर निबंध लिहिला. कॉन्टॅक्ट हा शब्द या वस्तूला चिकटला तो त्यांच्याच निबंधामुळे. कवच डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकायचे आणि मधल्या पोकळीत साखरेचे द्रावण भरावे लागायचे. दोन तासांपेक्षा जास्त ते सहन होत नसे. त्याच सुमारास कील येथील वैद्यकाचा विद्यार्थी ऑगस्ट म्यूलर याने स्वतःच्या उणे १४ नंबरसाठी अशी काच लावून पाहिली. डोळा बधिर करूनही अर्ध्या तासात त्याचा धीर सुटला. पुढे काचेची जागा कडक प्लास्टिकने घेतली. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात केव्हिन ट्युही याने फक्त बुबुळापुरती, म्हणजे पुढच्या पारदर्शक पटलापुरतीच लहान लेन्स केली. ती हलकी होती आणि लोक ती दिवसभर वापरू लागले, तरी सवय होईपर्यंत डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागत.

यामागे केवळ टोचण्याचा त्रास नव्हता. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर त्यातून आरपार दिसलेच नसते. त्यामुळे त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. त्यावर काच किंवा कडक ॲक्रिलिक ठेवणे म्हणजे त्याचे नाक दाबण्यासारखेच. विख्तर्ले यांच्या जेलमधील पाण्यात मात्र प्राणवायू विरघळून पलीकडे जाऊ शकत होता. मऊपणा सर्वांच्या नजरेत भरला, पण डोळ्याला जास्त महत्त्वाचे होते ते हे.

तरीही १९५७ पर्यंत लेन्स काही जमत नव्हती. बंद साच्यांत जेल ओतून सुमारे शंभर लेन्स तयार केल्या गेल्या. साच्यातून काढताना त्यांच्या कडा फाटत, हाताने घासून त्या नीट कराव्या लागत. डोळ्याची पापणी दिवसातून हजारो वेळा लेन्सच्या कडेवरून जाते. कड किंचित खडबडीत असली तरी सगळा खेळ संपतो. पदार्थ निर्दोष असूनही वस्तू सदोष, अशा विचित्र अवस्थेत काम अडकले.

याच वेळी राजकारण आडवे आले. १९५८ मध्ये राजकीय शुद्धीकरणाची लाट आली आणि तिच्यात विख्तर्ले यांना स्वतः उभारलेल्या विभागातून, रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर काढण्यात आले. सुदैवाने आदल्याच वर्षी प्रागमध्ये बहुवारिक रसायनांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवून त्यांनी झेक विज्ञानाचे नाव गाजवले होते. त्यामुळे विज्ञान अकादमीने या विषयाची नवी संस्था काढली तेव्हा तिचे संचालकपद त्यांच्याकडेच आले. एका दारातून हाकललेल्या माणसाला दुसऱ्या दारातून मानाने आत घेण्याची ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. संस्था झाली, इमारत मात्र झाली नव्हती. लेन्सचे काम नेत्ररुग्णालयाच्या आधाराने चालले होते, पण १९६१ मध्ये आरोग्य खात्याने हा उद्योग निष्फळ ठरवून तो थांबवला.

खात्याचा हा निर्णय आज हास्यास्पद वाटतो. त्या वेळी कागदावर तो अगदी वाजवी दिसत असणार. पाच-सहा वर्षे झाली होती, खर्च झाला होता आणि हाती फाटक्या कडांच्या लेन्स होत्या. विख्तर्ले यांचे वेगळेपण असे की अडचण कोठे आहे हे त्यांनी अचूक हेरले होते. जेलमध्ये दोष नव्हता. दोष होता तो लेन्स दोन साच्यांमध्ये कोंडून घडवण्याच्या पद्धतीत.

चहाच्या कपात चमचा वेगाने फिरवला की मध्ये खळगा पडतो आणि चहा कडेने वर चढतो. हे रोज सगळेच पाहतात. विख्तर्ले यांनी हीच गोष्ट कामाला लावली. वाटीसारखा उघडा काचेचा साचा गरगर फिरवायचा आणि त्यात जेल होण्यापूर्वीचे द्रव रसायन थेंबभर सोडायचे. लेन्सचा बाहेरचा पृष्ठभाग साच्याच्या आकाराचा होणार आणि आतला पृष्ठभाग फिरण्याच्या वेगामुळे आपोआप खोलगट होणार. वेग वाढवला की खळगा खोल, कमी केला की उथळ. म्हणजे लेन्सचा नंबर वेगावरून ठरवता येणार. फिरत असतानाच द्रव घट्ट होत जाणार आणि कड कोणी न घासता, द्रवाच्या स्वभावानेच गुळगुळीत आणि पातळ होणार. कुंभाराच्या चाकावर मडके हाताने घडते. इथे हातही लावायचा नव्हता.

कल्पना कागदावर राहू नये म्हणून त्यांनी घरातलेच सामान गोळा केले. आपल्याकडच्या मेकॅनोसारखा मर्कुर नावाचा धातूच्या पट्ट्यांचा खेळ झेक घराघरांत असे. त्याच्या पट्ट्यांचा सांगाडा आणि चाके झाली. मुलाच्या सायकलचा डायनॅमो उलटा चालवून त्याची मोटर केली आणि तिला वीज दिली दारावरच्या घंटेच्या ट्रान्सफॉर्मरने. साच्यांसाठी काचेच्या लहान वाट्या होत्या. २४ डिसेंबरच्या दुपारी या यंत्रातून पहिल्या चार लेन्स निघाल्या. त्या त्यांनी स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिल्या. नंबर बरोबर नव्हता, पण टोचत काहीच नव्हते. कडा निर्दोष होत्या.

काही दिवसांतच पेटंटचा अर्ज दाखल झाला. मग घरात एक छोटा कारखानाच सुरू झाला. यंत्रावरच्या वाट्या वाढल्या तसा डायनॅमो अपुरा पडला आणि त्याच्या जागी ग्रामोफोनची मोटर आली. पत्नी मदतीला होत्या. १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत पती-पत्नींनी मिळून साडेपाच हजार लेन्स तयार केल्या. घरगुती उद्योगाचा असा नमुना क्वचितच सापडेल. पापड लाटावेत तसे दोघे मिळून डोळ्यांची भिंगे काढत होते. इतक्या लेन्स समोर आल्यावर निष्फळतेची भाषा करणे कोणालाच शक्य नव्हते.

पुढचा भाग पैशाचा आहे आणि तो फारसा गोड नाही. अमेरिकेतील हॅरिसबर्गचे नेत्रतज्ज्ञ रॉबर्ट मॉरिसन प्रागला येऊन या लेन्स पाहून गेले. पाठोपाठ नॅशनल पेटंट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीने हक्क मिळवले आणि १९६६ मध्ये तिच्याकडून ते बॉश अँड लॉम्ब या चष्म्याच्या भिंगांच्या जुन्या कंपनीकडे गेले. अमेरिकेत मऊ लेन्स ही वस्तू नव्हे तर औषध समजली गेली, म्हणून तिला औषध प्रशासनाची परवानगी लागली. ती मार्च १९७१ मध्ये मिळाली. बाजारात आल्यावर लेन्सने जो धंदा केला त्यातून अमेरिकी कंपन्या गबर झाल्या. समाजवादी व्यवस्थेत पेटंटाचे मालक विख्तर्ले नव्हते; ते हक्क त्यांच्या देशाच्या संस्थांकडे होते. देशाला मिळालेली रक्कम त्या धंद्याच्या मानाने क्षुल्लक आणि शोधकर्त्याचा त्यातला वाटा त्याहून नगण्य होता. उलट पेटंटाच्या वादात अमेरिकी न्यायालयात साक्ष देण्याची वेळ त्यांच्यावर आली.

त्यांचा स्वतःचा देश तेव्हा त्यांच्याशी कसा वागत होता? १९६८ च्या प्राग वसंतात विख्तर्ले उघडपणे सुधारणावाद्यांच्या बाजूने उभे राहिले. दोन हजार शब्द या नावाने गाजलेल्या जाहीरनाम्याच्या कर्त्या मंडळींत ते होते आणि त्यावर त्यांची सही होती. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले. त्यानंतर हिशेब चुकते करण्याचे सत्र सुरू झाले आणि १९७० मध्ये संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्यांच्या लेन्सला परवानगी मिळाली. लक्षावधी लोक त्यांच्या शोधातून जग पाहू लागत होते आणि ते स्वतः आपल्याच संस्थेत अडगळीत पडल्यासारखे होते. तरी काम थांबले नाही. दीडशेहून अधिक पेटंटे त्यांच्या नावावर जमा आहेत.

या काळात लेन्सचे घराणे वाढत गेले. कडक लेन्सही नाहीशी झाली नाही. १९७०च्या दशकात प्राणवायू आरपार जाऊ देणारे कडक प्लास्टिक निघाले. बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याचा विकार असलेल्यांना आजही तिचा किंवा तिच्याहून मोठ्या, पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या लेन्सचा मोठा आधार आहे. म्हणजे फिक यांचे जुने कवच नव्या रूपात परत आले. मऊ लेन्समध्ये दृष्टिवैषम्यासाठी, म्हणजे सिलिंडरच्या नंबरसाठी, टोरिक लेन्स आल्या. चाळिशीसाठी दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणाऱ्या आल्या, रंगीतही आल्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वापरून फेकून देण्याच्या लेन्स निघाल्या आणि पुढच्या दशकात रोज नवी घालण्याची लेन्स बाजारात आली. पाण्याच्या वाटेने प्राणवायू किती जाणार याला मर्यादा होती. ती ओलांडण्यासाठी सिलिकॉन आणि हायड्रोजेल यांचा संसार जुळवण्यात आला. तेल आणि पाणी एकत्र नांदवण्यासारखेच हे काम. त्याला वेळ लागला आणि त्या लेन्स १९९०च्या दशकाच्या अखेरीस दुकानांत आल्या.

आज पुण्यात लेन्स घ्यायला निघालेल्याला या इतिहासातून काही उपयोगाच्या गोष्टी मिळतात. पहिली ही की चष्म्याच्या नंबरवरून लेन्स घेता येत नाही. चष्म्याचे भिंग डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते, लेन्स डोळ्यालाच चिकटलेली असते. त्यामुळे उणे चारच्या पुढे नंबर बदलतो. चष्म्याचा उणे सहा लेन्समध्ये साधारण साडेपाचावर येतो. त्याखेरीज लेन्सची वक्रता आणि व्यास डोळ्याला जुळावे लागतात. खोक्यावर बीसी आणि डीआयए या अक्षरांपुढे हेच आकडे छापलेले असतात. एका कंपनीची लेन्स संपली म्हणून त्याच नंबरची दुसरी उचलणे म्हणजे पायाचे माप न पाहता केवळ रंग पाहून बूट घेणे. नेत्रतपासणी करून, लेन्स प्रत्यक्ष डोळ्यावर बसवून पाहूनच ती घ्यायची. नुसत्या हौसेच्या, बिननंबरी रंगीत लेन्सलाही हा नियम सुटत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. मऊ लेन्स पाणी धरते, म्हणजे पाण्यात जे असेल तेही धरू शकते. नळाच्या पाण्यात किंवा पोहण्याच्या तलावात आढळणारा अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव बुबुळाला घातक जखम करू शकतो. म्हणून लेन्स किंवा तिची डबी नळाखाली धुणे, लेन्स घालून पोहणे हे वर्ज्य. द्रावण रोज नवे, डबी दर दोन-तीन महिन्यांनी नवी, आणि लेन्सला हात लावण्यापूर्वी साबणाने धुतलेले, कोरडे केलेले हात, हा शिरस्ता पाळावा लागतो. ज्यांना हा सोपस्कार जमत नाही त्यांनी महाग पडली तरी रोजची लेन्स घ्यावी. तीच शेवटी स्वस्त पडते. रात्री लेन्स घालून झोपल्याने संसर्गाची शक्यता कितीतरी वाढते, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो.

आणि तिसरी धूळ. दुचाकीवरून शहर पालथे घालणाऱ्यांनी लेन्सवर हेल्मेटची काच किंवा साधा गॉगल ठेवलेला बरा. हिंजवडीच्या वातानुकूलित कचेऱ्यांत दिवसभर संगणकाकडे टक लावून बसणाऱ्यांच्या पापण्या कमी मिटतात आणि लेन्स सुकते. रंगपंचमीला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत, जिथे गुलालाचा धुरळा उडतो तिथे, त्या दिवसापुरता चष्माच बरा. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, की लेन्स लगेच काढायची आणि डॉक्टर गाठायचा. आदल्या दिवशीचे औषधाचे थेंब घालून वाट पाहायची नाही.

विख्तर्ले यांच्या वाट्याला न्याय आला तो फार उशिरा. १९८९ मध्ये झेकोस्लोव्हाकियातील कम्युनिस्ट राजवट कोसळली आणि १९९० मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ते विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. देशाची दोन शकले होईपर्यंत ते या पदावर होते. १९९३ मध्ये एका लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी मोराव्हियातील स्त्राझिस्को येथे, आपल्या उन्हाळी घरी, त्यांनी देह ठेवला. २०२१ मध्ये त्यांच्या १०८ व्या जन्मदिनी गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले, तेव्हा जगभरातल्या अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच वाचले असेल.

त्यांची छायाचित्रे आता सहज पाहायला मिळतात. जाड भुवया, मागे वळवलेले केस आणि चेहऱ्यावर किंचित मिस्कील भाव. आणि नाकावर, अगदी उतारवयातल्या छायाचित्रांतसुद्धा, साधा चष्मा.